बापाचा कागद आणि मुलीचा पासपोर्ट

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडाशी आमच्या सल्ला केंद्रावर दोघी मायलेकी आल्या. आई शेतमजूर, नवऱ्याने टाकलेली. मुलगी एम. ए. झालेली. तिच्या हातात इंग्लंडमधल्या एका विद्यापीठाचे प्रवेशपत्र होते, सार्वजनिक आरोग्याच्या अभ्यासक्रमाचे. आमच्या केंद्रावर असले कागद घेऊन कोणी येत नाही. येतात ते मारहाणीच्या तक्रारींचे, पोटगीचे, घरातून हाकलून दिल्याचे कागद. त्यामुळे आमच्यातल्या एकीने सहज विचारले, “मग आमच्याकडे काय काम काढलंत?”

काम होते जातीच्या दाखल्याचे. मुलीकडे दाखलाच नव्हता. गावच्या शाळेत आणि तालुक्याच्या कॉलेजात आईने मजुरीतून फी भरली आणि दाखल्यावाचून निभावले. आता शिष्यवृत्तीसाठी तो हवा होता, आणि दाखल्यासाठी हवे होते बापाकडचे कागद. अनुसूचित जातीच्या दाखल्याला १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा लागतो. म्हणजे आजोबा-पणजोबांचा शाळेचा उतारा, कोतवाल बुकातली नोंद, नाहीतर एखादा महसुली कागद. तोही वडिलांच्या बाजूचा. बाप दुसरे लग्न करून दुसऱ्या जिल्ह्यात राहतो. मुलगी पाच महिन्यांची असताना त्याने दोघींना घराबाहेर काढले, त्यानंतर त्याने तिचे तोंड पाहिलेले नाही.

आई म्हणाली, “ताई, त्याच्याकडं मी पोटगी मागितली न्हाई. आता त्याच्या दारात जाऊन जात मागू का?”

हा प्रश्न ऐकल्यापासून तो माझ्या डोक्यातून गेलेला नाही. ज्या माणसाने या मुलीला एक वही घेऊन दिली नाही, त्याच्या कागदाशिवाय ती दलित असल्याचे सरकारला पटत नाही. जिने तिला वाढवले, जी स्वतः त्याच जातीत जन्मली आणि त्या जातीचे सगळे भोग जिने गावात भोगले, तिचा कागद या कामी चालत नाही.

मैत्रिणींनो, हा लेख परदेशी शिक्षणाबद्दल आहे. वाचताना काहींच्या कपाळाला आठ्या पडतील, हे मला ठाऊक आहे. आपल्याच एका बैठकीत मी हा विषय काढला तेव्हा एक ज्येष्ठ कार्यकर्ती म्हणाली, “अगं, इथं मुलींना दहावीच्या पुढे जाऊ देत नाहीत आणि तू विमानाच्या गोष्टी काय करतेस?” तिच्याबद्दल आदर बाळगूनच मी सांगते की हा युक्तिवाद आपला नाही, आपल्या विरोधकांचा आहे. पुण्यात १८८४ साली मुलींचे हायस्कूल निघाले तेव्हा ‘केसरी’ आणि ‘मराठा’ यांनी हेच विचारले होते, की मुलींना इतके इंग्रजी आणि शास्त्रे कशाला? बाईने एक पायरी चढायची म्हटली की तिला खालची पायरी दाखवायची, ही रीत जुनी आहे. दहावीला रोखणारा आणि परदेशाला रोखणारा हात एकच आहे. दोन्ही ठिकाणी मुलीला परवानगी मागावी लागते, आणि ती देणारा पुरुष असतो किंवा पुरुषासारखे वागणारे सरकार असते.

परवानगीचा हा इतिहास आपल्या महाराष्ट्राचाच आहे. आनंदीबाई जोशी १८८३ साली अमेरिकेला गेल्या आणि १८८६ साली डॉक्टर झाल्या. त्यांच्या धैर्याबद्दल शंका नाही, पण त्यांच्या जाण्याचा हट्ट आधी गोपाळरावांचा होता. नवऱ्याची इच्छा होती म्हणून दार उघडले. रखमाबाईंना नवऱ्याची इच्छा नको होती. बालपणी झालेले लग्न त्यांनी नाकारले, तर १८८७ साली न्यायालयाने सांगितले की नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. १८८८ साली दोन हजार रुपये नवऱ्याला मोजून तडजोड झाली, आणि मग १८८९ साली त्या लंडनला वैद्यकी शिकायला जाऊ शकल्या. पंडिता रमाबाई १८८३ साली इंग्लंडला गेल्या त्या विधवा होत्या. परवानगी मागायला घरात पुरुष उरलाच नव्हता. तिघींच्या गोष्टी आपण अभिमानाने सांगतो. पण एकीला नवऱ्याने पाठवले, एकीला नवऱ्याला पैसे देऊन सुटावे लागले, एकीचा नवरा मरण पावला होता. बाईचे स्वतःचे मत पुरेसे ठरले असे या तिन्ही गोष्टींत कुठे आहे?

आणि जातीचे म्हणाल तर १९१३ साली भीमराव आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात पोचले ते बडोद्याच्या सयाजीरावांनी दिलेल्या महिना साडेअकरा पौंडांच्या शिष्यवृत्तीवर. त्या शिक्षणातून पुढे या देशाला काय मिळाले ते सांगायची गरज नाही. तेव्हा रमाबाई मागे राहून संसार ओढत होत्या. दलित समाजाला परदेशी शिक्षण ही चैन वाटत नाही याचे कारण इथे आहे. आपल्या चळवळीतल्या ज्यांना ती चैन वाटते, त्यांच्या घरातली मुले कुठे शिकतात हेही एकदा विचारून पाहावे.

आता आजच्या परवानग्या मोजू या.

पहिली परवानगी घरची. आमच्या वस्तीत मुलाने परदेशी जायचे म्हटले तर सत्कार होतो, पेढे वाटले जातात. मुलीने म्हटले तर “आधी लग्न उरकून टाकू, मग नवरा म्हणेल तसं” हे उत्तर ठरलेले. पैशाचे विचाराल तर त्यातही तेच. बँका परदेशी शिक्षणाला साडेसात लाखांच्या वर कर्ज देताना सहसा तारण मागतात. सातबाऱ्यावर नाव कोणाचे? वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतका वाटा महाराष्ट्राने १९९४ साली दिला, देशाने २००५ साली दिला. पण प्रत्यक्षात तिच्याकडून हक्कसोडपत्र लिहून घेतले जाते. भावाचे मन राखायला तिने सही करायची आणि नंतर बँकेने तिला विचारायचे, “तारण काय आहे?” ज्यांच्या घरात सातबाराच नाही त्यांची गोष्ट तर बोलायलाच नको.

म्हणून शिष्यवृत्ती हाच रस्ता उरतो, आणि तिथे दुसरी परवानगी सुरू होते, ती सरकारची. केंद्र सरकारची राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्ती १९५४-५५ पासून चालू आहे. इतक्या वर्षांनंतर तिच्या वर्षाला १२५ जागा. त्यात अनुसूचित जाती, भटक्या-विमुक्त जमाती, भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागीर, सगळे आले. महाराष्ट्र सरकारच्या राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीच्या अनुसूचित जातींसाठी ७५ जागा. सगळ्या महाराष्ट्राला ७५! केंद्राच्या योजनेत ३० टक्के जागा स्त्रियांसाठी राखल्या आहेत, पण पुरेशा मुली मिळाल्या नाहीत तर त्या जागा मुलांना द्यायची मुभाही त्याच नियमांत आहे. मुली का मिळत नाहीत हे कोणी विचारत नाही. दाखल्याच्या खिडकीवर अडवलेली मुलगी यादीत ‘मिळाली नाही’ म्हणून मोजली जाते आणि तिची जागा दुसऱ्याला जाते.

२०२२ साली केंद्र सरकारने आणखी एक कडी घातली. भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारताविषयीचे सामाजिक अभ्यास हे विषय या शिष्यवृत्तीतून वगळले. म्हणजे दलित मुलीने परदेशी जाऊन यंत्रे शिकावीत, औषधे शिकावीत, पण आपल्या आजीच्या आयुष्याचा, आपल्या गावच्या पाणवठ्याचा अभ्यास सरकारी पैशातून करू नये. आपली गोष्ट आपण सांगायची नाही, ती इतरांनी सांगायची, हा त्याचा अर्थ. २०२५ च्या जुलैत तर कहर झाला. १०६ उमेदवार निवडले आणि त्यांतल्या ४० जणांनाच तात्पुरती मंजुरीपत्रे दिली. बाकीच्यांना सांगितले, निधी उपलब्ध झाला तर बघू. जुलै महिन्यात हे सांगितले. इंग्लंडमधली विद्यापीठे सप्टेंबरात सुरू होतात. निवड झाल्याची बातमी गावभर झालेली, आणि हातात पत्र नाही. अशा घरात मुलीच्या बाजूने कोण उभे राहते? “सरकारलासुद्धा तुला पाठवायचं नाही,” असे म्हणायला भाऊबंद टपलेलेच असतात.

तिसरी परवानगी परक्या देशाची. ब्रिटनच्या व्हिसाला लागणारी रक्कम खात्यात सलग २८ दिवस असावी लागते. सरकारी शिष्यवृत्तीचे पत्र असेल तर ही अट सुटते, पण ते पत्रच वेळेवर येत नाही. विद्यार्थ्याला आरोग्य अधिभार म्हणून वर्षाला ७७६ पौंड व्हिसाच्या अर्जाबरोबर आगाऊ भरावे लागतात. आपल्या पैशांत ऐंशी-नव्वद हजार. इंग्रजीच्या परीक्षेला सतरा-अठरा हजार वेगळे, आणि परीक्षा द्यायला शहरात जाऊन राहायचा खर्च वेगळा. यातले काही पैसे पुढे शिष्यवृत्तीतून परत मिळतातही. पण रोजावर जाणाऱ्या बाईने आधी आणायचे कुठून? सावकाराकडून? बचत गटाच्या कर्जातून? आमच्याकडे दोन्ही झालेले आहे.

अमेरिकेच्या व्हिसाचा कायदा तर असे धरून चालतो की येणारा प्रत्येक जण कायमचा राहायलाच येतो आहे. तसे नाही हे त्याने सिद्ध करायचे, मायदेशी आपले घर, मिळकत, माणसे आहेत हे दाखवायचे. ज्या मुलीच्या नावावर घर नाही, जमीन नाही, नवरा नाही, तिने खिडकीपलीकडच्या साहेबाला काय दाखवायचे? आईचा रोजगार हमीचा कार्ड?

लेकुरवाळ्या बाईची तऱ्हा आणखी वेगळी. जानेवारी २०२४ पासून ब्रिटनने नियम केला की संशोधनाचे अभ्यासक्रम सोडले तर बहुतेक परदेशी विद्यार्थ्यांना कुटुंब बरोबर आणता येणार नाही. पंडिता रमाबाई १८८३ साली आपल्या दोन वर्षांच्या मनोरमेला घेऊन इंग्लंडला उतरल्या होत्या. आज एम. ए. करायला निघालेली एखादी एकटी आई आपले मूल घेऊन जाऊ शकत नाही. पुरुष विद्यार्थी मूल बायकोकडे ठेवून जातो. बाई कोणाकडे ठेवून जाणार? नियम दोघांना सारखा आहे, फटका सारखा नाही.

आता पुन्हा त्या पहिल्या मुद्द्याकडे येते, कारण या सगळ्या कुलपांत आपल्या हाताने उघडता येईल असे पहिले कुलूप तेच आहे.

आईच्या नावाचा कागद चालू शकतो, हे या देशात सिद्ध झालेले आहे. गीता हरिहरन यांच्या खटल्यात १९९९ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की आई ही देखील मुलाची नैसर्गिक पालक आहे, बापाच्या मरणाची वाट पाहायला नको. २०१५ साली त्याच न्यायालयाने अविवाहित आईला बापाचे नाव न सांगता पालकत्व मागता येईल असा निकाल दिला. २०१६ च्या डिसेंबरात पासपोर्टचे नियम बदलले. अर्जात आई किंवा वडील यांपैकी एकाचे नाव पुरते, विभक्त बाईला घटस्फोटाचा कागद जोडावा लागत नाही. म्हणजे देशाची सीमा ओलांडायचा कागद आईच्या नावावर मिळतो, पण तालुक्याच्या कचेरीतून जातीचा दाखला मिळत नाही! पासपोर्ट खात्याला जे जमले ते महसूल खात्याला आणि जातपडताळणी समित्यांना का जमू नये?

२०१२ साली रमेशभाई दाभाई नाईका यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की मूल बापाच्याच जातीचे हे गृहीत अंतिम नाही. मूल कोणी वाढवले, कोणत्या समाजात वाढले, कोणते भोग त्याच्या वाट्याला आले, हे पाहायला हवे. ते प्रकरण आंतरजातीय लग्नातले होते, आई आदिवासी आणि बाप बिगर-आदिवासी. पण त्यातले तत्त्व टाकलेल्या बाईच्या लेकीला का लागू करू नये? तिच्या बाबतीत तर आई-बापाच्या जातीत फरकही नाही, नुसता कागद कोणाच्या पेटीत आहे एवढाच प्रश्न आहे.

महाराष्ट्र सरकार म्हणेल, आम्ही आईचे नाव सक्तीचे केले. केले खरे. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या कागदपत्रांवर आधी मुलाचे नाव, मग आईचे, मग वडिलांचे नाव आणि आडनाव. चांगले झाले. पण ही मुले कॉलेजात जायला अजून सतरा-अठरा वर्षे आहेत, आणि नाव आईचे लागले तरी जात बापाकडूनच येणार. कागदावर आईला जागा मिळाली, अधिकार मिळाला नाही.

मैत्रिणींनो, ऐंशी-नव्वदच्या दशकात आपल्या आधीच्या कार्यकर्त्या परित्यक्तांचा प्रश्न घेऊन गावोगाव फिरल्या. टाकलेल्या बाईला स्वतंत्र रेशनकार्ड द्या, ही मागणी तेव्हा किती क्षुल्लक वाटली असेल! पण त्या एका कार्डामागे बाई हे स्वतंत्र कुटुंब आहे हा मोठा विचार होता. आज त्याच बायांच्या मुली शिकून दाखल्याच्या खिडकीवर उभ्या आहेत. प्रश्न तोच आहे, एक पिढी पुढे सरकला आहे. तेव्हा बाईला नवऱ्यावाचून धान्य मिळत नव्हते, आज तिच्या मुलीला बापावाचून जात मिळत नाही.

त्या मुलीचे काय झाले ते सांगते. आम्ही अर्ज केले, खेटे घातले. वरच्या साहेबांपर्यंत गेलो. ‘वडिलांना घेऊन या’ हे वाक्य मी तीन कचेऱ्यांत ऐकले. शेवटी तिच्या आत्याचा पत्ता लागला. बापाची सख्खी बहीण, लग्न होऊन दुसऱ्या गावी दिलेली. तिने भावाला न कळवता आजोबांच्या शाळेचा उतारा आणि स्वतःचे वैधता प्रमाणपत्र आमच्या हातात ठेवले. म्हणाली, “माझ्या भावानं केलं ते पाप. माझ्याच्यानं एवढं तरी होऊ दे.” दाखला झाला. पण तोवर शिष्यवृत्तीच्या अर्जाची तारीख उलटून गेली होती. विद्यापीठाने प्रवेश एक वर्ष राखून ठेवला. मुलगी पुन्हा अर्ज करणार आहे. सरकारने जे करायला हवे होते ते एका बाईने चोरून केले, आणि तरी उशीर झाला.

दुसऱ्या एकीच्या बाबतीत मात्र मीच कमी पडले, हेही इथे कबूल करते. तिची शिष्यवृत्ती मंजूर होती, करारनाम्यासाठी जामीनदार हवा होता. घरच्यांनी सही नाकारली. मी तिला म्हणाले, “घरच्यांना समजावून सांग, वेळ दे.” मध्यस्थीची सवय लागली की आपण सगळीकडे समेटच करायला जातो. तिच्याकडे वेळ नव्हता. तीन आठवड्यांत तिचे लग्न ठरले. आज ती कुठे आहे मला माहीत आहे, पण तिच्या घरी जायला मन धजत नाही. मी नोकरी करते, माझी पगारपावती आहे, मीच जामीन राहू शकले असते. तेव्हा ते सुचलेसुद्धा नाही, कारण हे ‘आपले काम’ आहे असे मी धरलेच नव्हते.

कोणी म्हणेल, शिकून गेलेल्या मुली परत येणार आहेत का? हा प्रश्न सरकारी खर्चाने इंजिनियर होऊन परदेशी स्थायिक झालेल्या मुलांना आपण कधी विचारला? आणि परदेशात तरी जात सुटते का, असेही कोणी विचारेल. सुटत नाही. अमेरिकेतल्या सिअॅटल शहराला फेब्रुवारी २०२३ मध्ये जातिभेदावर बंदी घालणारा कायदा करावा लागला, आणि तो मांडणाऱ्या नगरसेविका क्षमा सावंत या मूळच्या आपल्या पुण्याच्या. तिथे जात पोचली आहेच. मग जात सोसलेल्या मुलीही तिथे पोचू द्या, नाहीतर तिथेही त्यांच्याविषयी दुसरेच बोलत राहतील.

तेव्हा आपण मागायचे काय, आणि करायचे काय?

सरकारकडे मागणी अशी की, टाकलेल्या, घटस्फोटित, विधवा आणि अविवाहित आईच्या मुलांना आईच्या बाजूच्या कागदांवर जातीचा दाखला आणि वैधता मिळालीच पाहिजे, आणि उत्पन्न मोजताना न सांभाळणाऱ्या बापाचा कागद मागणे बंद झाले पाहिजे. शिष्यवृत्तीतल्या निम्म्या जागा मुलींना हव्यात, आणि रिकाम्या राहिलेल्या जागा मुलांकडे न वळवता पुढच्या वर्षीच्या मुलींसाठी राखल्या पाहिजेत. निकाल मे महिन्याच्या आत लागला पाहिजे, आणि व्हिसा, परीक्षा, तिकिटाचा पैसा आगाऊ मिळाला पाहिजे. अभ्यासाचा विषय विद्यार्थिनी ठरवील, मंत्रालय नव्हे.

आणि आपल्या संघटनांनी करायचे ते असे. आपल्याकडे पोटगीच्या दाव्याला येणाऱ्या प्रत्येक बाईला पहिल्याच भेटीत विचारा, “मुलांचे जातीचे दाखले आहेत का?” मूल लहान असतानाच सासरकडच्या कागदांच्या नकला मिळवून ठेवा, दाव्यातच त्यांची मागणी करा. अठरा पूर्ण झालेल्या मुलींचे पासपोर्ट काढून घ्या. पोलीस चौकशीला हवालदार येऊन शेजाऱ्यांना ‘मुलगी कशी आहे’ विचारतो, त्या वेळी आपल्यातली एक तिथे हजर ठेवा. नोकरी करणाऱ्या मैत्रिणींनी जामीनदार म्हणून नावे नोंदवा. मी माझे नोंदवले आहे. आणि सासरी गेलेल्या आत्यांना शोधा. त्यांच्या पेट्यांत पुष्कळ मुलींची सुटका बंद पडलेली आहे.

तुमच्या तालुक्यात कोणत्या मुलीला कोणत्या कचेरीत कोणता कागद मागून अडवले, हे तारखेसह लिहून पुढच्या अंकापर्यंत संपादक मंडळाकडे पाठवा. ती यादी घेऊन आपण मुंबईला जाऊ. त्या आईने विचारलेला प्रश्न तिथे सगळ्यांनी मिळून विचारायचा आहे.